मिठाचं घर

अचलपूर मी पाहिलं ते दुखवट्यात. वऱ्हाडाची जुनी राजधानी पाहिली का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते. पण दरवाजे, बुरूज, हौज यांच्याआधी मला आठवतो तो शिरा. सहा घरांतले सहा तऱ्हेचे गोड घास, आणि तोंडाला कशाचीच चव नाही. सोळा वर्षांची होते मी. आई पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली आणि सव्वा महिना होताच अचलपूरचा मामा आम्हा बापलेकीला न्यायला आला. आईच्या माहेरी रीत अशी की लेक गेली तर गोतातल्या प्रत्येक घराने तिच्या लेकरांना एकदा बोलवायचं, गोडाचं जेवू घालायचं. याला दुखवटा काढणं म्हणत. तो काढल्याशिवाय त्या घरांत सणाला पुरण शिजत नसे. मामा ओसरीवर बसून माझ्या वडिलांना म्हणाला, "भाऊजी, दिवाळी तोंडावर आली. तिकडं सगळ्या घरचे लेकरं पुरनपोयीसाठी खोळंबून राह्यले. तुम्ही चालाच." वडिलांना सगळं घर दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणायची. दादा उठले आणि खुंटीवरची पिशवी झटकून त्यांनी माझ्या हातात दिली.

दादा बोलतच नसत फारसे. चिखलीच्या धान्यबाजारात ते मापारी होते. दिवसभर काट्यापाशी उभं राहून पोत्यांचे आकडे पुकारायचे, आणि संध्याकाळी गावी परतले की घशात घरासाठी आवाज उरलेला नसे. घरातलं बोलणं आईचं. ती भाकरी थापताना बोलायची, दळताना बोलायची, गाईच्या कानातसुद्धा काहीतरी सांगत असायची. तिला लिहिता येत नव्हतं आणि दादांची अक्षरं आकडे नि सहीपाशी संपत, म्हणून पत्र लिहिणं माझ्याकडे होतं. मी पोस्टकार्ड पाटीवर ठेवून चुलीशेजारी बसायची. ती एक भाकरी थापेपर्यंत एक वाक्य सांगायची. मग तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज, आणि "झालं?" मी लिहून संपवायची आणि म्हणायची, "हं, पुढं?" आमची पत्रं अशी भाकरीच्या मापाने लिहिली जात. पंधरा भाकरींचा स्वयंपाक असला की पत्र कडेपर्यंत भरायचं.

त्यातली जवळजवळ सगळी पत्रं चिखलदऱ्याच्या देवका मावशीला जायची. देवका मावशी ही आईची चुलत बहीण, वयाने मोठी. दोघी अचलपुरात एकाच घरात वाढलेल्या. मावशीचे यजमान जंगल खात्यात गार्ड होते. तिलाही लिहिता येत नव्हतं, तिची पत्रं शेजारचे एक मास्तर लिहून देत. म्हणजे दोन बहिणींचं सगळं गुज एका पोरीच्या आणि एका अनोळखी मास्तरांच्या हातून चालायचं. आईला खोकला झाला तेव्हाही ती सांगायची, "थोडासाक खोकला हाये म्हून लिही. थोडासाक लिही बरं." मी विचारलं, तापाचं लिहू का? तर म्हणाली, "तापाचं काय करते ते? डोंगरावर बसून रडंल उगी. तब्येत बरी हाये, लिही." मी लिहिलं. शेवटची तीन पत्रं मी अशीच खोटी लिहिली आहेत.

आई गेल्यावर काकांनी ओसरीवर बसून नातेवाइकांना कार्डं लिहिली. लिहून झालं की ते प्रत्येक कार्डाचा एक कोपरा फाडायचे. कोपरा फाटलेलं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच माणसाला कळायचं, आणि वाचून झालं की ते घरात ठेवत नसत. आता मोबाइलवर हात जोडलेली चित्रं येतात, त्यांच्या मागोमाग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. मी दोन्हीवर बोट फिरवून पुढे जाते. तर काकांनी गठ्ठा बांधायच्या आधी मला विचारलं, "शोभे, तुले पत्ते पाठ आहेत. कोनी राह्यलं का?"

मी म्हणाले, "नाही."

विसरले होते, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आले. विसरले नव्हते. देवका मावशीचा पत्ता माझ्या बोटांना झोपेतही लिहिता आला असता. मग का, म्हणून विचाराल तर आज या वयात एवढंच सांगू शकते की कुठंतरी एका घरात आई अजून भाकरी थापत असू दे, असं मला वाटलं असावं. असावं म्हणते, कारण त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. पाय अवघडून बधिर होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं. तेराव्यालाही मी रडले नव्हते. पाणी भरत होते, सारवत होते, कुणी जेव म्हटलं की जेवत होते.

आम्ही घाटावरची माणसं. घाट उतरून खामगाव, मग अकोला, मग मूर्तिजापूर असे एसटीने गेलो आणि तिथून अचलपूरच्या छोट्या रेल्वेत बसलो. ती इतकी सावकाश चालायची की मामा म्हणाला, उतरून कुणाच्या शेतातली काकडी तोडून पुन्हा डब्यात चढता येतं. दादांनी नुसती मान हलवली. मामा परतवाड्याच्या एका आरागिरणीत कामाला होता. त्याच्या अंगाला, त्याच्या घराला, मामीच्या भातालासुद्धा सागाच्या भुशाचा वास होता. माणूस भारी हौशी. बहीण गेल्याचं दुःख त्याला खरंच झालं होतं, पण भाची कळती झाल्यावर पहिल्यांदा गावात आली आहे आणि तिला गाव दाखवायचं नाही, हे त्याला जमेना. म्हणून त्याने दोन्ही कामं एकत्र केली. एक इमारत, एक घर. एक इमारत, एक घर. दुल्हा दरवाजातून आत शिरताना तो थांबून म्हणाला, "पाह्य शोभे, हे राजधानी व्हती. सुलतान, नबाब, हत्ती-घोडे, सारं काही इथंच. तुमचं बुलढानं तवा कोनाले मालूम नव्हतं." आणि पुढच्याच वळणावर चुलत आजीचं घर आलं तसा त्याने खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला.

घराच्या उंबऱ्यावर आम्ही दिसलो की आतून बायका यायच्या आणि गळा काढायच्या. "राधे, कशी गेली वं माय, लेकरू कोनाच्या वटीत टाकून गेली वं..." असं सुरात. मला छातीशी ओढून घ्यायच्या. कुणाच्या पदराला हळदीचा वास, कुणाच्या तंबाखूचा. त्यांचं रडणं खोटं नव्हतं, आईवर त्यांचा जीव होता. पण मधेच एखादी नाक पुसून आत सांगायची, "कढई उतरव वं, करपून राह्यलं," आणि पुन्हा सूर धरायची. मग पाट मांडले जायचे. शिरा, बासुंदी, गव्हाची खीर, पुन्हा शिरा. आईसारखी बाई गोतात झाली नाही, असं जो तो सांगायचा. तिने कुणाला उलटून उत्तर दिलं नाही, ती लक्ष्मी होती, देवमाणूस होती. मी वाढलेलं खात होते आणि ज्या बाईबद्दल हे चाललं आहे ती कोण, ते मला कळत नव्हतं. माझी आई घडीघडी उलटून बोलायची.

माझे डोळे कोरडे असल्याचं तिसऱ्या घरी सगळ्यांच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडून मी ऐकलं, "पोरगी दगडाची हाये, माय." मामीनेही ऐकलं. ती बिचारी मायेची. वाटेत मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे पाह्य, पदर तोंडावर घेत जाय अन् खांदे हालवत जाय. बाकीचं आम्ही पाहून घेतो." पुढच्या घरांत मी खांदे हलवले. बरं जमलं असावं, कारण कुणी काही बोललं नाही. दोन घरांच्या मध्ये मामाने हौज कटोरा दाखवला. पाणी नसलेल्या तळ्याच्या मधोमध अष्टकोनी मजल्यांची उंच इमारत, वर पारवे. मामा म्हणाला, राण्या इथं हवा खायला येत. मी पाहिलं. मग करजगावच्या एका घरी नेलं; तिथून जवळच बहिरमची जत्रा भरते, पण ती भरायला अवकाश होता, नुसतं रिकामं माळरान पडलं होतं, तेही पाहिलं. मुक्तागिरीच्या जैन मंदिरांच्या पायऱ्या चढले, उतरले. ती सगळी ठिकाणं आज आठवतात ती अशी, मुक्या चित्रांसारखी. पायऱ्या किती होत्या ते मामा मोजत होता, एवढाच आवाज आठवतो.

शेवटचं घर देवका मावशीचं. तिथे मामा येणार नव्हता. आजोबांच्या एका पितळी घंगाळावरून दोघांचा कैक वर्षांचा अबोला होता, आणि बाकीची घरंही मामाच्या बाजूची, तिच्याशी जाणं-येणं न ठेवणारी. त्याने आम्हाला परतवाड्याला चिखलदऱ्याच्या गाडीत बसवलं आणि खिडकीतून म्हणाला, "माह्याशी बोलत नाही म्हून काय झालं, घर तर सोडता येत नाही ना. चिट्ठी तर गेलीच असंल तिले. एवढी थप्पी लिहिली तुह्या काकानं." गाडी घाट चढायला लागली. मला दादांना सांगायचं होतं की मावशीला ठाऊक नाही, मीच पत्र जाऊ दिलं नाही. या वळणाला सांगू, पुढच्या वळणाला सांगू, असं करता करता हवा गार झाली, झाडं बदलली. दादांनी विचारलं, "थंडी वाजते का?" मी नाही म्हणाले. घर सोडल्यापासून त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि मी तो वाया घालवला.

मावशी अंगणात शेंगा सोलत बसली होती. उंच, काळीसावळी, आवाज आईचाच, फक्त दुप्पट मोठा. दारापाशी मी सहा घरांच्या सवयीने मान खाली घालून, गळ्यात पडून घ्यायला तयार उभी राहिले. आणि ती हसली. सूप बाजूला ठेवून टाळी वाजवत उठली.

"अवं माय! शोभी का वं तू? साडी नेसाले लागली का? अन् जवाईबुवा! ना चिट्ठी ना निरोप, असे काऊन आले?" असं म्हणत ती आमच्या पलीकडे रस्त्याकडे पाहत होती. "अन् राधी? मांगं राह्यली का?"

"आई नाही आली," मी म्हणाले. एवढं खरं होतं. पुढचं आपोआप तोंडातून आलं. "तिले काम व्हतं."

दादांच्या हातातली पिशवी जमिनीला टेकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे बोलणार, आता हिचं हसू जाणार आणि ती गळा काढणार, म्हणून मी खांदे आवळले. दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"हाव," ते म्हणाले. "कापूस फुटला हाये. वेचाले बाया भेटत नाहीत."

"जयो तो कापूस!" मावशी भडकली. "जल्माची अशीच हाये ते. कवा बोलावलं अन् आली, असं झालंच नाही. हट्टी मेली. अन् तुम्ही बी आनलं काऊन नाही तिले वढून?"

सव्वा महिन्यात आईला कुणी नावं ठेवली नव्हती. मेलेल्या माणसाला कुणी शिव्या देत नाही. मी अंगणातल्या दगडावर बसले आणि मावशी चुलीला लागली तरी तिचं तोंड थांबेना: राधी आळशी, राधी वाटणीला लुच्ची, राधी सीताफळ खाऊन साली देवकाच्या ओच्यात टाकायची. त्या घरात दुखवटा नव्हता म्हणून गोडही नव्हतं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. पहिल्या घासाला मला मीठ लागलं. जिभेला झोंबलं. मी तीन भाकरी खाल्ल्या. दादांनी चार.

मग तिने हौज कटोऱ्याची गोष्ट सांगितली. आई दहाएक वर्षांची असताना पैज लावून त्याच्या वरच्या मजल्यावर गेली आणि उतरायची हिंमत होईना. खाली सगळ्या पोरी पळून गेल्या, देवका एकटी थांबली. ऊन उतरेपर्यंत आई वरून तिला शिव्या देत होती, शेवटी म्हशी चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने पाठीवर घेऊन तिला उतरवलं. "अन् खाली आली तं म्हंते, मी भेली नव्हती, मी गाव पाहून राह्यली व्हती!" दादा हसले. आवाज काढून हसले. "हे मले सांगतलं नाही तिनं," ते म्हणाले. "सांगन कशी!" मावशी म्हणाली. "आता जाऊन इचारा." तीन दिवसांपूर्वी मी ती इमारत पाहिली तेव्हा ती नुसती दगडांची होती. आता तिच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी बसलं होतं.

निघताना मावशीने एक बाटली आणून दिली. जंगलातला मध, कोरकू बायांनी आणून दिलेला. "खोकल्यावर दे तिले, आल्यासंगं. अन् गुन आला का नाही ते चिट्ठीत लिहाचं." बाटली मी घेतली. दादा दरीकडे बघत होते. अर्धा घाट उतरला. मग दादा म्हणाले, "तिले मालूम नव्हतं?"

"नाही."

"तुले मालूम व्हतं, तिले मालूम नाही म्हून?"

"हो."

मी त्यांच्या रागावण्याची वाट पाहत होते. परतवाड्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते म्हणाले, "जेवनात मीठ व्हतं," आणि डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर मध मी चुलीवरच्या फळीवर ठेवला. दिवाळी आम्ही केली नाही. दिवाळीनंतर मास्तरांच्या गोल अक्षरातलं कार्ड आलं. 'राधास अनेक आशीर्वाद. मधाने गुण आला किंवा कसे ते कळविणे. तू कापसाची सबब सांगतेस, सबब संक्रांतीस मीच येत आहे.' दादांनी ते बाजारातून येताना आणलं आणि कोरं कार्डही आणलं होतं. दोन्ही माझ्यापुढे ठेवून ते ओसरीवर जाऊन बसले. मी पाटी घेऊन चुलीशेजारी बसले. चुलीवर माझंच वरण उकळत होतं. वर नेहमीचं लिहिलं: 'ती. देवकाबाईस राधाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की'. मग हात थांबला, आणि सवयीने चुलीकडे तोंड करून मी म्हणाले, "हं, पुढं?"

वरणाचा आवाज तेवढा येत होता. मी काय बोलले ते मला बोलल्यावर कळलं. ओसरीवर दादांनीही ऐकलं होतं. थोड्या वेळाने ते आत आले आणि आईच्या पाटावर बसले. आयुष्यात त्यांनी कधी पत्र सांगितलं नव्हतं. "लिही," ते म्हणाले, आणि काट्यापाशी पोती पुकारावीत तसं एकेक सांगू लागले. "राधा पोळ्याच्या आदल्या दिशी गेली. झालं?"

"हं, पुढं?"

"आम्ही तुमच्या घरी खोटं बोललो. पोरीचा कसूर नाही, माहा हाये. झालं?"

"हं, पुढं?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एक दिवस तुमच्या घरी ते जित्ती पाह्यली. मेहरबानी."

वरचा राधाचा नमस्कार तसाच राहिला होता. खोडू का, म्हणून मी विचारलं. "राहू दे," म्हणाले, आणि कार्ड हातात घेऊन त्यांनी त्याचा कोपरा फाडला. फाडलेला तुकडा टाकून न देता टोपीच्या घडीत ठेवला. मला तेव्हाही रडू आलं नाही. मी उठून वरण उतरवलं.

संक्रांतीपर्यंत मावशी थांबली नाही. आठव्या दिवशी दुपारच्या गाडीने आली, एकटी, हातात काही नाही. कुणीतरी आईच्या माहेरचं आलं हे पाहून शेजारच्या बायका रडायच्या तयारीने दारात जमल्या. मावशीने गळा काढला नाही. घरभर एकदा पाहिलं, चुलीपाशी गेली, आईच्या पाटाला हात लावला आणि मला विचारलं, "मध कुठी हाये?"

मी फळीवरून बाटली काढून दिली. बूच तसंच होतं. तिने ते दातांनी उपटलं.

"सहाही घरचं गोड खाऊन आली, अन् माह्या घरून भाकर-ठेचा खाऊन गेली," ती म्हणाली. आवाज आईचाच होता, या वेळी दुप्पट नव्हता. "माह्या घरचा दुखवटा काढाचा राह्यला. तोंड उघड."

मी उघडलं. तिने मधात बुडवलेलं बोट माझ्या जिभेवर ठेवलं. बोट खरबरीत होतं, त्याला राखेचा वास होता. आणि मध गोड होता. इतका गोड की जिभेची मुळं दुखली. सहा घरांत जे गोड लागलं नव्हतं ते सगळं एकदम लागलं, आणि मी रडायला लागले. खांदे हलवावे लागले नाहीत. पोळ्यापासूनचं सगळं आलं, मोठ्याने, नाकातोंडातून, दारातल्या बायकांदेखत. ओसरीवर दादांनी भिंतीकडे तोंड केलं. मावशीने माझं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी धरलं. तीही रडत होती, पण बोलायची थांबली नाही.

"रड, माय," ती म्हणाली. "पन तोंड मिटून रड. मध सांडून राह्यला."